पावणेदोन फूट

साहेब, तुम्ही तुमच्याच परीक्षकाचा शेरा खोडलात. त्यानं निळ्या शाईत ‘पास’ लिहिलं होतं. लाँड्रीतल्या इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लिहिलं होतं. तुम्ही त्यावर काळ्या शाईची आडवी रेघ मारलीत आणि खाली तीन कारणं दिलीत. ओंडके अनावश्यक लहान. वेळेचा अपव्यय. उमेदवाराच्या मनात भीती. तुम्ही तिथे नव्हतात. तुम्ही झाड पाहिलं नाही, दोराला हात लावला नाही, पण खुर्चीत बसून माझ्या नणंदेच्या मनातली भीती मात्र तुम्हाला बरोबर दिसली. मोठी नजर आहे तुमची.

आता ती नजर जरा इकडे वळवा. त्या दिवशी काय झालं ते मी सांगते, माझ्या चुकीसकट. माझीही एक चूक झाली, ती मी लपवणार नाही. लपवायची सवय आमच्याकडे नाही, कारण आमच्या कामात चूक लपत नाही. ती दाणकन खाली येते.

आम्ही झाडं पाडत नाही, उतरवतो. पाडायला मोकळी जागा लागते, आणि वस्तीत झाडाखाली कायम कुणाचं तरी छप्पर असतं. म्हणून वरून एकेक तुकडा दोराला बांधून कापायचा आणि अलगद खाली सोडायचा. वर माझी नणंद. खाली दोर माझ्या हातात. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, खाली आलेला तुकडा सोडवून बाजूला ओढतात आणि दिवसभरात चार शब्द बोलतात. आणि घडीच्या खुर्चीत बसून सगळ्यांच्या चुका काढायचं खातं मामंजींकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे. चाळीस वर्षं चढले. आता गुडघे गेले, जीभ शाबूत आहे.

नणंद अकरा वर्षं चढते आहे. आजवर भावाच्या परवान्यावर. म्हणजे झाडावर ती, कागदावर हे. हे तर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर डोळे मिटून घेतात. तुमच्या कार्यालयाला हे ठाऊक होतं. अकरा वर्षं कुणी चकार शब्द काढला नाही, कारण काम नीट होत होतं. यंदा तुम्ही नवा नियम काढलात: जो चढेल त्याच्याच नावाचा परवाना हवा, नसेल तर एक तारखेपासून झाडावर पाय ठेवायचा नाही. नियम चांगला आहे. मी तोंडदेखलं म्हणत नाही, खरंच चांगला आहे. नणंद तर आनंदानं घरभर नाचली. म्हणाली, “वहिनी, आता निदान माझ्या नावाचा कागद तरी होईल.” तिनं त्या कागदासाठी भिंतीवर खिळासुद्धा ठोकला. मी म्हटलं, “वन्सं, आधी कागद आणा, मग खिळा.” मी तिला वन्सं म्हणते ते मान म्हणून नाही, चिडवायला. वयानं ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे.

आता वजनाचं सांगते, कारण तुमची तिन्ही कारणं वजनापाशी येऊन आपटतात.

आमच्या घरात वजनाचा खेळ चालतो. वजनकाटा स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारी. सकाळी चहाच्या वेळी मामंजी काहीही पुढे करतात. बादली, उशी, भाजीची पिशवी, शेजारणीचं मांजर. प्रत्येकानं हात न लावता वजन सांगायचं, मग काट्यावर ठेवायचं. जो सगळ्यात जास्त चुकेल त्यानं भांडी घासायची. एकदा विमावाले आले. सोफ्यावर टेकतात न टेकतात तोच मामंजी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, “ब्याऐंशी किलो. ओला.” विमावाले परत आले नाहीत. पण ते ब्याऐंशीच होते. जाता जाता नणंदेनं त्यांना काट्यावर उभं केलं होतं.

या खेळातून मामंजींनी आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली: घेर दुप्पट, तर लांबी पाव. लोकांना हे पटत नाही. त्यांना वाटतं घेर दुप्पट झाला तर वजन दुप्पट, म्हणून लांबी निम्मी केली की भागलं. मामंजी सतरंजी गुंडाळून दाखवतात. “या गुंडाळीचा घेर दुप्पट करायला अजून किती सतरंज्या लागतील?” सगळे म्हणतात एक. लागतात तीन. अडीच फूट घेराची ओली फांदी सात फूट लांब कापली तर नव्वदएक किलो भरते. पाच फूट घेराचं खोड पावणेदोन फूट कापलं की तेवढंच. पावणेदोन, साहेब. हा आकडा लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट: दोराला वजन लागत नाही, झटका लागतो. फांद्या उतरवताना कप्पी वर बांधता येते. फांदी कापली की ती आहे तिथेच लटकते, मी हळूहळू सोडते. पण सगळ्या फांद्या गेल्या आणि नुसतं खोड उरलं की कप्पी वर कुठे बांधणार? आभाळाला? तेव्हा ती कापाच्या खाली, त्याच खोडाला बांधावी लागते. ओंडका कलंडतो, कप्पीच्या खाली पडतो, आणि मग दोर त्याला झेलतो. मामंजी म्हणतात, “मूल कडेवर घेऊन उभी राहा. आता तेच मूल धावत येऊन अंगावर उडी मारू दे. मूल तेच, कंबर गेली.” आणि ती उडी ज्या खोडावर येते त्याच खोडाला नणंद पट्ट्यानं बांधलेली असते. म्हणून खोडाचा ओंडका शंभर किलोच्या आत. आमच्या घरात हा नियम दाराच्या कडीसारखा आहे. रोज हात लागतो.

तर परवान्याच्या परीक्षेचा दिवस. सकाळी आठ. लाँड्रीच्या मागचं अंगण. एका बाजूला गरम पाण्याच्या वाफेचा पाइप, दुसऱ्या बाजूला चादरींच्या दोऱ्या, आणि मधोमध झाड. झाडाला टेकून लाँड्रीच्या इस्त्रीखोलीचं छप्पर, ते काचेचं. लाँड्रीवाल्या बाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, “एक काच तडकली तरी मी तुमच्यातल्या एकेकाला पिळून वाळत घालीन.”

मामंजी खूश झाले. म्हणाले, “माणूस कामाचा आहे.”

तुमचा परीक्षक फाइल छातीशी धरून आला. हेल्मेट उलटं घातलं होतं. नणंदेनं न बोलता ते सुलट केलं. तो लाजला. वाईट माणूस नव्हे, साहेब, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे तुम्ही त्याचंही काही बरंवाईट कराल.

“मी आधी गटार खात्यात होतो,” तो म्हणाला. “झाडांकडे येऊन महिनाच झालाय.”

“बरं झालं इकडे आलात,” मामंजी म्हणाले. “पण तिथं एक सुख होतं. वरून काही पडत नाही.”

“पडतं हो आजोबा,” तो कळवळून म्हणाला. “तुम्हाला काय माहीत.”

इथूनच त्याचं आमच्याशी जमलं. पण मग त्यानं छापील तक्ता काढला आणि वाचला: खोडाचे ओंडके किमान सहा फूट.

“किमान?” नणंद म्हणाली. “कमाल असेल, नीट बघा.”

“किमानच आहे.”

“खोडाचा घेर कितीही असला तरी?”

“घेराचा रकाना नाही.”

“मग सहाच फूट का?”

तो इकडे तिकडे बघायला लागला. “नियम आहे.”

“नियम का आहे?” हे मामंजी. ते एकदा विचारायला लागले की थांबत नाहीत.

परीक्षकानं आवाज बारीक केला. “ओंडके नेणाऱ्या गाडीचा हौदा सहा फुटी आहे. लहान तुकडे नीट रचले जात नाहीत, घरंगळतात.”

आमचे हे हसले. दिवसातला पहिला आवाज तो. मग सगळेच हसलो, परीक्षकसुद्धा, फाइल तोंडासमोर धरून. लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या, “म्हणजे माझ्या पिशव्या लहान आहेत म्हणून मी गिऱ्हाईकांच्या चादरी कापू?”

हसण्यावारी नेलं, कारण वेळ होता. आधी फांद्या होत्या. सकाळभर काम असं चाललं की काय सांगू. नणंद वर गेली की जमिनीवर तिला येणारा सगळा आळस खालीच राहतो. फांदीभोवती ती सुतळी गुंडाळते, घेर मोजते, वरून लांबी ओरडते, मी खालून वजन ओरडते, आणि दोघींचं जुळलं तरच तिचं कापायचं मशीन सुरू होतं. “साडेतीन घेर, साडेतीन फूट!” “नव्वद!” “घे!” तुकडा सुटतो, दोर माझ्या हातातून सरकतो, आणि फांदी चादरींच्या मधून पाहुणीसारखी उतरते. अकरा वाजेपर्यंत परीक्षकही वजनं ओरडायला लागला होता. दरवेळी चुकला. मामंजी म्हणाले, “आमच्या घरी राहायला या. भांड्यांची चिंता मिटेल.”

बाराला सगळ्या फांद्या खाली आणि उरलं नुसतं खोड. पाच फूट घेर. आता कप्पी खाली बांधायची, आता झटका. आणि आता तो रकाना.

परीक्षकानं फाइल उलटली. “याच्याबद्दल इथं एक शब्द आहे. ‘पोकळ’. मग तर हलकंच असणार ना? सहा फूट जमेल.”

मामंजी खुर्चीतून अर्धे उठले. “पोकळ झाड भरीव समजूनच मोजायचं. पोकळी म्हणजे सूट नव्हे. ज्या खोडाला कप्पी बांधलीय तेच आतून खाल्लेलं असेल, तर अजून जपायचं.”

“ताई,” परीक्षकानं वर बघून हाक मारली, “हा रकाना रिकामा राहिला तर मला नापास लिहावं लागेल. माझा इलाज नाही. एकच ओंडका सहा फुटी काढा. एकच. मी बरोबरची खूण करतो, मग तुम्हाला हवे तेवढे लहान करा.”

आता बघा, साहेब. एक ओंडका आणि परवाना हातात. अकरा वर्षांचं काम, भिंतीवरचा खिळा, एक तारीख, सगळं तिला खोडावर बसून दिसत होतं. मी खालून तिचं तोंड बघत होते. तिनं बाटलीतलं पाणी प्यायलं, झाकण लावलं.

“किती फूट म्हणालात?”

“सहा.”

“दोर कुणाच्या हातात?”

“तुमच्या वहिनींच्या.”

“खाली छप्पर कुणाचं?”

“या बाईंचं.”

“आणि वर मी. यात तुमचं काय आहे?”

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. “रकाना,” तो म्हणाला.

“रकाना फुटला तर काच बदलावी लागत नाही!” लाँड्रीवाल्या बाई दारातून कडाडल्या.

“मग लिहा नापास,” नणंद म्हणाली. “पावणेदोन फूट कापतेय.”

हीच ती तुमची ‘उमेदवाराच्या मनातली भीती’. भीती होती ना! असायलाच हवी. जिला वर भीती वाटत नाही तिच्या खाली मी दोर धरणार नाही. पण ज्याला नापास व्हायची भीती वाटत नाही त्याला तुम्ही भित्रं म्हणता, ही कुठली भाषा?

आता माझी चूक.

ओंडका कापायच्या आधी नणंदेनं कुऱ्हाडीच्या पाठीनं खोड ठोकलं. दोनदा, तीनदा. मग खाली वाकून म्हणाली, “वहिनी, पोकळ म्हणतात, पण आवाज पोकळ नाही. मुका आहे.”

“कागदावर लिहिलंय पोकळ,” मी म्हटलं.

“असेल. मी आपली भरीव धरते. त्र्याण्णव.”

“मी पासष्ट धरते.”

बोलून मोकळी झाले. झाडाच्या बुंध्याशी आमचा लोखंडी खुंटा बांधलेला असतो, दोर त्याला वेढे देऊन माझ्या हातात येतो. वेढे जास्त घेतले तर दोर सरकतच नाही, ओंडका एकदम थांबतो आणि वरची नणंद खुळखुळ्यासारखी हलते. वेढे कमी घेतले तर दोर पळतो. त्र्याण्णव किलोला मी तीन वेढे घेते. त्या दिवशी दोनच घेतले. का? ‘पोकळ’ लिहिलं होतं म्हणून. अकरा वर्षं नणंदेच्या कानावर विश्वास ठेवला आणि नेमका त्या दिवशी तुमच्या कागदावर ठेवला. आयुष्यात एकदाच कार्यालयाचं ऐकलं, साहेब, त्याचं फळ पुढच्या दीड सेकंदात मिळालं.

मशीन थांबलं. ओंडका करकरला, कलंडला, पडला. दोरानं झेलला, आणि मग दोर थांबेचना. हातमोज्यातून असा पळाला की मोज्याला धूर आला. मी मागे झुकले, टाचा रोवल्या, टाचांसकट पुढे गेले. मला फक्त एवढं दिसलं की खुंटा माझ्याकडे येतोय. खरं तर मी त्याच्याकडे जात होते. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा कमरेचा पट्टा धरला आणि खाली बसलं. आमचे हे. पट्टा धरून सरळ जमिनीवर बसले, गोणीसारखे. त्यांचं वजन सत्त्याऐंशी, मला पाठ आहे. त्या दिवशी त्यातल्या एका किलोचीही मी थट्टा केली नाही.

दोर थांबला.

ओंडका काचेच्या छपरावर लटकत होता. काच आणि ओंडका यांच्यामध्ये एक वीत. मी मापली नाही, लाँड्रीवाल्या बाईंनी मापली. स्टुलावर चढून, हात घालून. मग खाली उतरून म्हणाल्या, “वीत आहे. माझी. तुमच्या साहेबांची वीत मोठी असेल तर काच फुटली असं समजा.”

वर खोड अजून डुलत होतं आणि नणंद त्याला मिठी मारून बसली होती.  मग ती वरून ओरडली, “वहिनी! पासष्ट ना?”

“मर मेले!” मी म्हटलं, आणि आम्ही दोघी अशा हसायला लागलो की माझ्या हातून दोर जातो की काय. ह्यांनी न बोलता तिसरा वेढा घातला. परीक्षकाचं हेल्मेट पुन्हा उलटं झालं होतं. कसं झालं देव जाणे.

ओंडका खाली घेतला. ह्यांनी लोटून पाहिला आणि दिवसातला पहिला शब्द काढला. “दगड.”

बुंध्याकडचा काप स्वच्छ लाकडाचा. पण एका बाजूला सालीचा जुना वळ होता, जखम भरून आल्यासारखा. ह्यांनी तिथं पहार घातली, साल उपटली. आत विटा, साहेब. विटा आणि सिमेंट. झाडाच्या पोटात कुणीतरी भिंत बांधली होती. आणि सिमेंट ओलं असताना खिळ्यानं कोरलेला आकडा होता. तुमच्या परीक्षकानं तो फाइलशी ताडून पाहिला. त्या झाडाला तुमच्याच कार्यालयानं दिलेला क्रमांक.

मग तो खाली बसला आणि फाइल मागून चाळायला लागला. सगळ्यात जुना, पिवळा पडलेला कागद निघाला. त्यानं मोठ्यानं वाचला. “खोडातील पोकळ्यांचे निवारण केले.” बस. कशानं केलं, किती केलं, काही नाही. पुढच्या माणसानं त्यातला ‘पोकळ्या’ उचलला आणि ‘निवारण’ सोडलं. त्याच्या पुढच्यानं नुसतं ‘पोकळ’ ठेवलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथं तर दळणारेही तुम्ही आणि खाणारेही तुम्हीच.

“तोलूया,” मामंजी म्हणाले. डोळे लकलकत होते. अशा वेळीही या माणसाला खेळ सुचतो.

लाँड्रीत चादरींचे गठ्ठे तोलायचा मोठा काटा आहे. ओंडका गाड्यावर चढवून तिकडे नेला. सगळ्यांनी आकडे सांगितले. मामंजी एकशे पंचवीस. नणंद वरूनच, “एकशे वीस!” हे दीडशे, कारण लोटलं त्यांनी होतं. लाँड्रीवाल्या बाई, “सत्तर ओल्या चादरी.” परीक्षक म्हणाला, “मी आता काही सांगत नाही,” तरी मामंजींनी त्याच्याकडून वदवून घेतलं: नव्वद. काटा एकशे चोवीसवर थांबला. मी पासष्ट म्हटलं होतं. त्या रात्रीची भांडी कुणी घासली ते विचारू नका.

आता तुमचा हिशेब. पावणेदोन फुटांत एक भिंत होती आणि वजन एकशे चोवीस. नणंदेनं लांबी भरीव समजून ठरवली होती, म्हणून चुकलं ते तीस किलोनं, आणि तीस किलो एका नवऱ्याच्या बैठकीत मावले. मग नणंदेनं खोडावरून थोडं खाली सरकून वळांवरची साल सोलली, तर अजून भिंती निघाल्या. पहिल्या सहा फुटांत तीन होत्या. तुमच्या तक्त्याप्रमाणे तो सहा फुटी ओंडका एका घावात काढला असता तर चारशेच्या वर वजन, मोठी उडी, आणि दोरापाशी दोन वेढे घेऊन उभी मी. परीक्षकानं हे गणित त्याच इस्त्रीच्या टेबलावर केलं. दोनदा केलं. दुसऱ्यांदा करताना पेन नीट चालेना, म्हणून बाईंनी त्याला चहा दिला.

“कप्पी तुटली असती?” त्यानं विचारलं.

“कप्पी नाही,” मामंजी म्हणाले. “कप्पी मी निवडलीय. खोड तुटलं असतं. ती आहे तिथून.”

त्यानं वर बघितलं. नणंद खोडावर पाय हलवत बसली होती आणि चादरींच्या दोऱ्यांवरून पलीकडच्या बाईशी साबणाच्या भावावर बोलत होती. त्यानं निळं पेन उघडलं आणि ‘पास’ लिहिलं. सहा फुटांच्या रकान्यासमोर लिहिलं, “रकाना चुकीचा.” आणि सही केली. गटारातून आलेल्या माणसानं, महिन्याभरात, तुमच्या खात्यात कुणी न दाखवलेली हिंमत दाखवली. ती सही तुम्ही खोडलीत.

त्यानंतर नणंदेनं एकेक फुटाचे काप घेतले. प्रत्येक वेळी आधी ठोकायचं, साल सोलून बघायचं, वीट लागली तर काप वरखाली सरकवायचा. मशीनच्या दोन साखळ्या विटांनी खाल्ल्या. म्हणून दोन दिवस लागले. हा तुमचा ‘वेळेचा अपव्यय’. दुसऱ्या दिवशी चार वाजता शेवटचा काप उतरला तेव्हा लाँड्रीवाल्या बाईंनी एकेक काच बोटानं वाजवून पाहिली. सगळ्या शाबूत. मग नणंदेला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “पोरी, तुझी चादर जन्मभर फुकट.” नणंद म्हणाली, “आणि वहिनीची?” “वहिनीनं आधी पाढे पाठ करावेत.” त्या अंगणात मी इतकी कधी हसले नव्हते आणि माझी इतकी शोभाही कधी झाली नव्हती.

घरी आलो. खिळा तयार होता. आठ दिवसांनी लिफाफा आला. नणंदेनं ओल्या हातानं फोडला. आधी निळं दिसलं, मग काळं. तिनं कागद दोनदा वाचला, मामंजींच्या हातात दिला आणि उरलेली कोथिंबीर निवडायला बसली. ती रडली असती तर मी हे लिहिलं नसतं, तिची समजूत काढत बसले असते. ती एवढंच म्हणाली, “वहिनी, लहान होते का गं तुकडे?” अकरा वर्षं झाडावर असलेल्या बाईला तुम्ही हा प्रश्न पाडलात. माझं डोकं तिथं फिरलं.

वेढा मी कमी घेतला. एक वेढा, माझ्या हातानं, माझ्या मूर्खपणानं. हे मी लिहून देते, खाली सही करते, हवं तर माझ्यावर कारवाई करा. पण झाडात विटा भरल्या कुणी आणि कागदावरून गाळल्या कुणी, हे त्या काळ्या रेघेखाली दडपता येणार नाही. विटा आमच्या अंगणात रचून ठेवल्या आहेत, आकडा कोरलेल्या सिमेंटसकट. चोराच्या उलट्या बोंबा मारायच्या तर निदान चोरीचा माल आमच्याकडे सोडायचा नव्हता.

त्याच लिफाफ्यात दुसरा कागद आहे. फेरपरीक्षा, येत्या सोमवारी, सकाळी आठ. झाड तुम्ही नेमलं आहे: दवाखान्याच्या दारासमोरचं जुनं, सात फूट घेराचं. अट तीच, किमान सहा फूट. काल संध्याकाळी आम्ही जाऊन ते बघून आलो. नणंदेनं सुतळी गुंडाळली, कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकलं, कान लावला. खालून सहा ठिकाणी सालीला जुने वळ आहेत. मामंजी म्हणाले, “वीतभरसुद्धा कापायचं की नाही हे आत बघितल्याशिवाय सांगणार नाही.” नणंद म्हणाली, “मी चढणार.” ती चढणारच, साहेब. परवाना तिला हवा आहे आणि तो तिचा आहे. ती सहा फूट कापणार नाही, आणि या वेळी मी तुमचा कागद वाचून वेढे घेणार नाही.

म्हणून रविवार संध्याकाळच्या आत, लेखी, तुमच्या सहीनं, एका ओळीत सांगा: दवाखान्यासमोरच्या त्या झाडाच्या पोटात तुम्ही काय भरलं आहे?